पिंजऱ्यातील घरटे



गेल्या अंकात मुदत ठेवींवरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते आणि या अंकात मृत्युपत्राचा विषय घेईन असा शब्द दिला होता. तो विषय पुढील महिन्यावर टाकण्याची अनुमती मागतो. मध्यंतरी आमच्या कुटुंबात एक प्रश्न उभा राहिला आणि त्याने मला दीड महिना दुसरे काही सुचू दिले नाही. तसाच प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहे, म्हणून तो येथे मांडतो.

माझ्या थोरल्या चुलत बंधूंची नात औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. बंधूंचे कापडाचे दुकान, तीन पिढ्यांची पेढी, घरात चातुर्मास काटेकोर पाळला जातो. तिच्या प्रबंधासाठी सांधेदुखीवरील एका वनस्पतिजन्य अर्काची परीक्षा उंदरांवर करावी लागणार, हे घरी कळले आणि वहिनींनी अन्न वर्ज्य केले नाही एवढेच. त्यांनी मला दूरध्वनी केला. "भाऊजी, तुम्ही शिकलेले. पोरीला समजावा आणि हा अभ्यासक्रम सोडायला लावा."

मी समजावण्यासाठी गेलो. मुलीने माझे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "आजोबा, मी सोडले तर ते उंदीर सुटतील का? माझ्या जागी दुसरे कोणी येईल. ते आज ज्या पिंजऱ्यात आहेत, त्याच पिंजऱ्यात राहतील. तुम्ही एकदा तो पिंजरा समजून तर घ्या." तिने मला वाचायला काही लेख दिले. वाणिज्य शाखेच्या माणसाला ते जड गेले, पण बँकेत पस्तीस वर्षे परक्या धंद्यांचे ताळेबंद वाचण्यात गेली असल्याने चिकाटीची सवय होती. जे समजले ते सांगतो.

प्रयोगशाळेतील उंदीर म्हणजे आपल्या गोदामात धान्याच्या पोत्यांमागे पळणाऱ्या उंदराचाच पाळीव वंशज. वजन वीस ते तीस ग्रॅम, आयुष्य साधारण दोन वर्षांचे. जगभर त्याचे घर बहुधा एकाच नमुन्याचे असते. बुटांच्या खोक्याएवढी प्लास्टिकची पारदर्शक पेटी, वर तारांची जाळी, जाळीत खाद्याच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली, तळाशी भुश्याचा किंवा मक्याच्या कणसाच्या चुऱ्याचा थर. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार पिंजऱ्याचे क्षेत्रफळ किमान ३३० चौरस सेंटिमीटर आणि उंची १२ सेंटिमीटर असावी लागते. आपल्या या मासिकाचे एक पान डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या घराच्या जमिनीची कल्पना येईल.

हा नमुना कोणी दुष्टपणाने ठरवलेला नाही. पेटी धुण्यास सोपी, एकावर एक रचता येते, रोगजंतूंचा शिरकाव कमी होतो, खर्च आटोक्यात राहतो आणि सर्व जनावरे एकसारख्या स्थितीत राहतात. व्यवस्थापकाच्या दृष्टीने यात खोट काढण्यासारखे काही नाही. मात्र सर्व सोय पाहिली गेली ती माणसाची. ज्याने तेथे जन्मापासून मरणापर्यंत राहायचे, त्याची गरज काय हे विचारण्यास पुष्कळ वर्षे लागली.

उंदराची गरज त्याच्या स्वभावावरून कळते. तो निशाचर आहे. उघड्यावर त्याला भय वाटते, म्हणून तो भिंतीच्या कडेने चालतो. तो बिळे उकरतो, कुरतडतो, चढतो, आणि मऊ वस्तू मिळाली की तिचे तंतू सोडवून वाटीसारखे घरटे विणतो. पिल्ले असोत वा नसोत, नर असो वा मादी, घरटे करणे ही त्याची उपजत ओढ आहे. रिकाम्या पेटीत यातील जवळजवळ काहीच करता येत नाही. अन्न आहे, पाणी आहे, मांजराचे भय नाही. पण करण्यासारखे काही नाही आणि लपण्यासारखे काही नाही.

मग तो काय करतो? दिवसा झोपतो. दिवसा फेरी मारणाऱ्या अधिकाऱ्याला पेटीत शांत झोपलेली जनावरे दिसतात आणि सारे आलबेल असल्याचा शेरा मारला जातो. रात्री दिवे मालवल्यावर काही पेट्यांत निराळेच घडते. उंदीर जाळीच्या तारा दातांत धरून अखंड चावत राहतात, एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा उड्या मारतात, एकाच वर्तुळात फिरत राहतात. शास्त्रज्ञ याला रूढाचरण म्हणतात, म्हणजे हेतू नसलेली, न बदलणारी, पुनरावृत्त हालचाल. प्राणिसंग्रहालयातील वाघाची गजांमागची येरझार आपण पाहिली आहे. ही त्याचीच लहान आवृत्ती. हान्नो व्यूर्बेल या स्विस शास्त्रज्ञाने उंदरांच्या या वर्तनाचा दीर्घ अभ्यास केला आणि मर्मावर बोट ठेवले. ज्या प्राण्याचे वर्तन असे बिघडले आहे, त्याच्या मेंदूवर केलेले प्रयोग निरोगी मेंदूविषयी काही सांगतात असे आपण कशाच्या आधारावर मानायचे?

येथे माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा झाला. आरंभीची शिल्लकच चुकीची लिहिली, तर पुढची बेरीज कितीही अचूक करा, अखेरची शिल्लक चुकणारच.

दुसरी गोष्ट थंडीची. प्राणिगृहाचे तापमान सामान्यतः २० ते २४ अंश सेल्सियस ठेवतात, कारण अंगात डगला, हातमोजे आणि तोंडाला पट्टी बांधून काम करणाऱ्या माणसाला ते सुखकर असते. उंदराला मात्र शरीराची ऊब राखण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागू नये, असे तापमान सुमारे ३० अंश आहे. म्हणजे आपण पंख्याखाली बसावे आणि पाहुण्याला माघाच्या पहाटे अंगणात निजवावे, तसा हा प्रकार. अमेरिकेतील ब्रायना गॅस्किल आणि जोसेफ गार्नर यांनी उंदरांपुढे निवड ठेवली. एका पेटीत २० अंशांची थंडी पण घरट्याचे साहित्य, भुयाराने जोडलेल्या दुसऱ्या पेटीत ऊब. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरटे उबेची पूर्ण जागा घेऊ शकत नाही, पण सहा ते दहा ग्रॅम साहित्य दिले तर थंडीचा त्रास पुष्कळ हलका होतो. सहा ते दहा ग्रॅम म्हणजे कागदाच्या पट्ट्यांची एक मूठ!

थंडीचा परिणाम केवळ सुखदुःखापुरता नाही. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की ३० अंशांत ठेवलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठी २२ अंशांतील उंदरांपेक्षा सावकाश वाढल्या आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या गाठींशी अधिक जोमाने लढली. गारठलेल्या उंदराचा देह ऊब टिकवण्यातच गुंतलेला असतो. औषधाची परीक्षा त्या देहावर होते आणि तिचा निकाल आपल्या घरातील रुग्णापर्यंत येतो.

घराचा मेंदूवर परिणाम होतो हा विचार तसा जुना आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड हेब यांनी प्रयोगशाळेतील काही मोठ्या जातीचे उंदीर घरी नेऊन मुलांबरोबर मोकळे वाढवले. पुढे कोडी सोडवण्याच्या परीक्षेत ते पिंजऱ्यातील भावंडांपेक्षा सरस ठरले, असे त्यांनी १९४७ साली नोंदवले. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मार्क रोझेन्झ्वाइग, मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोबती, खेळणी आणि चढउतार असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांचे मेंदू तपासले. एकट्या, रिकाम्या पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा त्यांच्या मेंदूचे बाह्यपटल जाड आणि वजनदार निघाले. १९९७ मध्ये गेर्ड केम्परमन आणि फ्रेड गेज यांच्या गटाला समृद्ध पिंजऱ्यातील प्रौढ लहान उंदरांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित भागात अधिक नव्या पेशी आढळल्या. आणि २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना दिसले की हंटिंग्टन नावाच्या आनुवंशिक मेंदूविकाराचे जनुक बाळगणाऱ्या उंदरांना कुरतडण्या-चढण्याचे साहित्य दिले, तर त्या रोगाची लक्षणे उशिरा प्रकटतात. कर्म अटळ म्हणावे असे जनुक, पण त्याचा उदय कसा आणि केव्हा होईल यात घराचाही वाटा!

एवढे ठाऊक असताना रिकामी पेटी टिकली कशी? त्याचे मुख्य कारण एकसारखेपणाचा आग्रह. प्रत्येक पिंजऱ्यात घरटे, नळी, लाकडाचा तुकडा दिला, तर प्रत्येक उंदीर निराळे वागेल, आकडे विखुरतील आणि अधिक उंदीर वापरावे लागतील, अशी भीती बोलून दाखवली जाते. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याची परीक्षाही झाली आहे. डेव्हिड वोल्फर, व्यूर्बेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांत साध्या आणि समृद्ध पिंजऱ्यांतील उंदरांच्या वर्तनाची तुलना केली. समृद्धीमुळे आकड्यांचा विस्कळीतपणा वाढला नाही. उलट १९९९ चा एक प्रसिद्ध प्रयोग पाहा. अमेरिका आणि कॅनडातील तीन प्रयोगशाळांनी एकाच वंशाचे उंदीर, एकच उपकरण, एकच वेळापत्रक ठेवून त्याच चाचण्या केल्या, तरीही काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक बदलले. म्हणजे ज्या एकसारखेपणासाठी उंदराला घरट्यावाचून ठेवायचे, तो एकसारखेपणा पुरता हाती लागतच नाही. सर्व शाखांनी एकच चूक एकाच पद्धतीने केली म्हणजे ताळेबंद बरोबर ठरत नाही, हे लेखापरीक्षकाला सांगावे लागत नाही.

एक सावधगिरी मात्र येथे नोंदवली पाहिजे. केवळ दयाबुद्धी पुरत नाही. तिच्या जोडीला ज्ञान लागते. पिंजऱ्यात एकच दार असलेले खोके ठेवले, तर बलवान नर ते बळकावून बसतो आणि भांडणे वाढतात. पेटी बदलताना मूत्राचा भुसा नव्या पेटीत टाकला तर नरांची चढाई वाढल्यासारखी दिसते, पण जुन्या घरट्याचे साहित्य सोबत दिले तर ती कमी होते, असे नेदरलँड्समधील अभ्यासात आढळले. पाहणाऱ्याला सुंदर दिसणारे रंगीत खेळणे उंदराच्या काही उपयोगाचे नसते. मूठभर कागद मात्र असतो. फिरत्या चाकाविषयीही वाद होता की ते धावणे कैदेतून उपजलेले वेड आहे. २०१४ मध्ये लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोकळ्या निसर्गात चाक ठेवून पाहिले, तर रानातले स्वतंत्र उंदीर आपणहून येऊन त्यावर धावत. प्राण्याला काय हवे हे प्राण्यालाच विचारावे लागते आणि विचारण्याची रीत शोधावी लागते.

माणसाच्या हाताचेही तसेच. शतकभर उंदीर शेपटीला धरून उचलण्याची पद्धत चालत आली. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवले की नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेल्या उंदरांची भीती पुष्कळ कमी असते; ते आपणहून हाताजवळ येतात. नळीची किंमत काहीच नाही आणि ओंजळीची तर नाहीच. २०२२ साली दोनशेहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा की साध्या पिंजऱ्यातील जनावरांमध्ये रोगांची तीव्रता आणि मृत्यूचे प्रमाण समृद्ध निवासातील जनावरांपेक्षा अधिक असते. म्हणजे रिकामी पेटी ही प्रयोगाची तटस्थ पार्श्वभूमी नसून स्वतःच एक आजार आहे.

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्राणिमात्रावर प्रयोगच नकोत, ही आपली भूमिका मला ठाऊक आहे आणि ती माझीही आहे. पिंजऱ्यात घरटे ठेवले म्हणजे पुढचा वध पुण्यात जमा होतो, असे मी म्हणणार नाही. अशी जमाखर्चाची पळवाट आपल्या विचारात नाही. पण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केले आहेत. त्यांत वध आहे, अन्नपान रोखणे आहे, अतिभार लादणे आहे. आणि पहिले नाव आहे बंध, म्हणजे जिवाला कोंडणे, जखडणे. वधावर आपण बोलतो. बंधाकडे आपले लक्ष जात नाही. उंदीर पंचेंद्रिय जीव आहे. त्याचा वध एका क्षणाचा असतो, बंध मात्र जन्मभराचा.

कायद्यानेही हा फरक जाणला आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली. शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, वापरलेच तर संख्या कमी करावी, आणि जे उरतात त्यांचे क्लेश कमी करण्यासाठी पद्धती सुधाराव्या. आपल्या देशात प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० सालचा आहे आणि त्याखालील प्रयोगविषयक नियम १९९८ चे. प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती लागते, आणि तीत शास्त्रज्ञ व पशुवैद्यकाबरोबर विज्ञानक्षेत्राबाहेरच्या एका समाजाभिमुख व्यक्तीलाही स्थान असते. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी भारताने २०१४ मध्ये बंद केली. मानवी पेशींवरील व संगणकीय चाचण्यांचे पर्यायही कायद्यात मान्य होत आहेत. पहिले तत्त्व पूर्ण अमलात येईल तो दिवस मला पाहायला मिळो. पण तोवर जे जीव आज रात्री त्या पेट्यांत आहेत, त्यांना केवळ आपल्या तात्त्विक विरोधाची ऊब मिळत नाही.

हे सारे मी वहिनींना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना थंडी वाजते हे कोणी सांगितले नव्हते." त्यांनी नातीला संमती दिली नाही आणि ती मी मागितलीही नाही. मुलीने मात्र आपल्या मार्गदर्शकांशी बोलून प्रबंधाचा पहिला टप्पा पेशींवरील चाचण्यांवर आणला. तेथे अर्क निष्प्रभ ठरला तर उंदरांपर्यंत जाण्याचे कारणच उरणार नाही. प्रभावी ठरला तर समितीकडील अर्जात घरट्याचे साहित्य, सोबती आणि नळीने उचलणे या तीन गोष्टी तिने आधीच लिहून ठेवल्या आहेत. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. आजी-नातीत अबोला होता तो सुटला आहे, एवढे सांगतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्यापैकी कितीतरी जण शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत, आणि त्या संस्थांची औषधनिर्माण महाविद्यालये आहेत. विश्वस्त इमारत पाहतात, निकाल पाहतात, शिल्लक पाहतात. प्राणिगृहाच्या दारातून मात्र तोंड फिरवून परततात. आपण तोंड फिरवतो ते कोमल मनामुळे, हे मी जाणतो. तरी पुढील बैठकीत पाच प्रश्न विचारावेत अशी विनंती आहे. हा प्रयोग प्राण्यावाचून होऊ शकत नाही याची खात्री कोणी केली? प्रत्येक पिंजऱ्यात घरट्याचे साहित्य आहे का? एकमेकांशी जुळणारी जनावरे एकत्र राहतात की विनाकारण एकटी? त्यांना शेपटीला धरून उचलतात की नळीने? आणि रात्री, दिवे मालवल्यावर, ती काय करतात हे कोणी पाहिले आहे का?

नैतिकता समितीवर विज्ञानेतर सदस्याची जागा रिकामी असेल, तर आपणच ती मागावी. शास्त्र समजत नाही ही सबब मी दीड महिन्यापूर्वी सांगितली असती, आता सांगणार नाही. हिशेब तपासणे आपल्या रक्तात आहे. या खात्याचीही एकदा तपासणी होऊ द्या.

मृत्युपत्राविषयी पुढील अंकात, नक्की.

जय जिनेंद्र.